चंद्रीच्या पायांचा नवस

॥ सिद्धराम पाठीशी आहे ॥

बाळीवेस, सोलापूर
गुरुवार, ता. १० जानेवारी १९७४

चि. सौ. ईरम्मास अक्काचे आशीर्वाद, आणि आठ दिवसांच्या छोट्या साहेबांच्या तळपायाला एक मुका.

तुझं पत्र काल पोचलं. बाळंतपण सुखरूप झालं हे वाचून आधी देवापुढं दिवा लावला, मग ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कानाला फडकं बांधून ठेव, गार पाण्यात हात घालू नकोस. भीमाशंकरला भाऊ आवडला का? तीन वर्षं घरातला राजा होता, आता रुसून बसत असेल.

आता चंद्रीचं. चार ओळींत तीनदा विचारलंयस, म्हणून सविस्तर लिहिते. तुझी लेक सोमवारी दवाखान्यातून घरी आली. घसा स्वच्छ आहे. तो चामड्यासारखा करडा पडदा कल्लप्पांनी पाहिला होता ना, तो पुरता गेला. श्वास घेताना करवतीसारखा आवाज यायचा, तोही गेला. डॉक्टरांनी बॅटरी धरून मलाही घसा दाखवला. मी विचारलं, "घटसर्पाचा जंतू मेला ना?" ते म्हणाले, "जंतू मेला." एवढं ऐकलं आणि मी तिथंच हात जोडले.

डॉक्टर पोरगेलासा आहे. बिरप्पा शेंडगे नाव. नातेपुत्याकडचा, धनगराच्या घरातला पहिलाच शिकलेला. हुशार आहे, पण भित्रा वाटला. अजून निजवूनच ठेवा, उठवू नका, असं काहीबाही सांगत होता. दवाखान्यातली माणसं तसं सांगतातच. पोर खाते-पिते, हसते, तिची पाठ अंथरुणाला कशाला घासायची?

गंमत ऐक. चंद्री सध्या गेंगाणं बोलते. मला 'दोडव्वा' म्हणायला जाते आणि 'नोनव्वा' होतं. पाणी प्यायला दिलं की घोटभर नाकातून बाहेर येतं. परवा मी रागावले तर म्हणते, "मी काय करू, मी हत्ती झालेय." हे इतके हसले की चहा सांडला. जूनमध्ये तू तिला माझ्या ओटीत घातलीस, "अक्का, हिला तुझ्यासारखी मॅट्रिक कर" म्हणालीस. मॅट्रिक होईल तेव्हा होईल, पण ह्या घरात सतरा वर्षांत झाला नाही एवढा गोंगाट तिनं सात महिन्यांत केला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर निळी पडली. डॉक्टर गळ्याला भोक पाडायची तयारी करायला लागले. मला बाहेर काढलं. तिथं व्हरांड्यात उभ्या उभ्या मी नवस बोलले, की सिद्धरामा, ही जगू दे, यंदाच्या गड्ड्याच्या जत्रेत, तुझ्या लग्नाच्या अक्षतेच्या दिवशी तिला बाळीवेशीतून अनवाणी चालवत तुझ्या दारात आणीन आणि तिच्या पायांनी तुला अकरा प्रदक्षिणा घालायला लावीन. बोलले आणि तासाभरात श्वास मोकळा झाला, भोक पाडावं लागलं नाही. तूच सांग, ह्याला काय म्हणायचं?

तर येत्या रविवारी अक्षता आहे. हे म्हणाले, "मी खांद्यावर नेतो तिला." मी म्हटलं, नवस तिच्या पायांचा बोललेय, तुमच्या खांद्याचा नाही. हे नुसतेच हसले.

तुझ्या नावानं दोन फुलं वाहीन. सासूबाईंना माझा शरणार्थी-नमस्कार सांग.

तुझी अक्का,
दाक्षायणी


(कार्ड)

सोलापूर, सोमवार, संक्रांत

चि. सौ. ईरम्मास, तीळगूळ घे. काल नवस फिटला. चंद्री जरा दमली आहे. हवा बदलली आहे ना. तपासून घ्यावं म्हणून कालपासून दवाखान्यात ठेवली आहे. बोलते. तुझी आठवण काढते. कल्लप्पांना सवड असली तर येऊन जायला सांग. बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं. काळजीचं कारण नाही.

अक्का


बाळीवेस, सोलापूर
सोमवार, ता. ४ फेब्रुवारी १९७४

ईरम्मा,

वर देवाचं नाव घातलेलं नाही. चुकून राहिलं नाही. आशीर्वादही लिहिला नाही. पुढं वाचशील तेव्हा कळेल.

थंडी कमी झाली आहे. ह्यांची मिलमधली पाळी बदलली, आता दुपारची असते. गड्ड्यावरचे पाळणे गेले, मैदान मोकळं झालं. शाळेतून बाई आल्या होत्या, चंद्रीची पाटी आणि दप्तर देऊन गेल्या. ते मी तुझ्याकडे पाठवलेलं नाही, अजून माझ्याकडेच आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. ते मी दहा वेळा वाचलं असेल. तू लिहितेस, "अक्का, तू केलंस तेवढं आईनंसुद्धा केलं नसतं. नवस फेडलास म्हणून देवानं माझ्या लेकीला हाल न करता नेलं." मग लिहितेस, घोड्याच्या रक्ताची सुई टोचली तिथंच पोरीचं बिघडलं, आता आमच्या घरात कुणाच्या अंगाला सुई लागणार नाही अशी कल्लप्पांनी शपथ घेतली, नर्सबाई भीमाला टोचायला आली तर तिला उंबऱ्यावरनंच हाकललं. आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात, येडू कुंभाराच्या नातवाचा घसा धरलाय.

त्या कडेच्या ओळीनं मला लिहायला बसवलं. नाहीतर मी लिहिलं नसतं, हे खरं आहे. हे म्हणतात, "पोर तर गेली. आता दोन घरं कशाला तोडतेस?" मीही वीस दिवस तेच म्हणत होते.

सगळं एकदम लिहवत नाही. हातून निघेल तसं लिहिते.

चंद्रीचा घसा गुरुवारी संध्याकाळी धरला होता. मी तुला आधीच्या एका पत्रात शुक्रवार लिहिलं, आणि शुक्रवारीच दवाखान्यात नेलं असं लिहिलं. नेलं ते शनिवारी संध्याकाळी. दोन दिवस हळद-चुना, अंगारा, गरम पाण्याच्या गुळण्या, हेच चाललं होतं. पडदा दिसला तेव्हा मला वाटलं दुधाची साय चिकटली आहे. बोटाला फडकं गुंडाळून मी ती काढायला गेले, तर रक्त आलं.

दुसरं असं. डॉक्टर "काहीबाही" सांगत होते असं मी लिहिलं. त्यांनी काहीबाही सांगितलेलं नाही. मला बाकावर बसवून, लिहिता येतं का विचारून, एकेक शब्द लिहून घ्यायला लावला. मी हिशेबाच्या वहीचं मागचं पान काढून लिहिलं. ते पान फाडून ह्या पत्रात ठेवलं आहे. वाच. "सहा आठवडे पूर्ण निजून. बसवायचंही नाही. जेवण, अंघोळ, सगळं जागेवर. उभं करायचं नाही. हृदयाला धोका. काहीही वेगळं दिसलं तर लगेच आणणे." अक्षर माझं आहे. कल्लप्पा ते ओळखतात. त्यांना दाखव.

शेंडग्यांचा पोरगा मला शिकवतोय, ज्याच्या बापानं मेंढरं राखली, असं त्या वेळी माझ्या मनात आलं होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. आपल्या आप्पांनी कुणालाही असं बोलू दिलं नसतं.

आणि खांद्यावर नेतो म्हणाले तेव्हा हे हसले नव्हते. तेही मी खोटं लिहिलं, म्हणजे गुरुवारी झालेलं भांडण मी हसणं करून लिहिलं, आणि रविवारी ते पुन्हा झालं. हे बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीबरोबर जायला निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "डॉक्टरनं काय सांगितलंय? वहीत कुणी लिहिलंय, मी का तू?"

मी म्हटलं, "डॉक्टरनं वाचवली का सिद्धरामानं?"

"दोघांनी. म्हणून दोघांचंही ऐक."

"थकलेला नवस अंगावर येतो. दिलेलं देव परत घेतो. तुम्ही जबाबदारी घेता का?"

हे निघून गेले. ईरम्मा, लोकांनी बघावं म्हणून मी चालवली असं तुला वाटेल. थोडं तेही होतं. पण खरं म्हणजे मी भ्याले होते. वाटत होतं, रविवार टळला तर सोमवारी ही माझ्या हातून जाईल. म्हणून चालवली.

चंद्रीला सकाळी उलटी झाली होती. भोगीची भाकरी तोंडात घेतली आणि काढून टाकली. तोंड पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, अंथरुणात पडून पडून उन्हाची सवय गेली आहे. तिला परकर-पोलकं घातलं, वेणी घातली, विभूती लावली. इतक्या दिवसांनी पाय जमिनीला लागले म्हणून पोर खूश होती. वेशीपर्यंत बडबड चालली होती. पाळण्यात बसायचं, चुरमुरे घ्यायचे, भीमाला शिट्टी न्यायची. मधेच दोनदा दुकानाच्या फळीवर टेकली. मला म्हणाली, "दोडव्वा, देवाला मोजता येतं का?"

"येतं की. त्याला सगळं येतं."

"मग तू कशाला मोजतेस? तो मोजंल की."

मी पदराच्या गाठीत अकरा तांदूळ बांधले होते. एक प्रदक्षिणा झाली की एक टाकायचा. अक्षतेची गर्दी दुपारी व्हायची होती, आम्ही सकाळीच गेलो होतो, देवळात फारसं कुणी नव्हतं. तिसऱ्या फेरीनंतर ती पायरीवर बसली. म्हणाली, "पाय माझे नाहीतच असं वाटतंय." मी तिला पाणी पाजलं, ते सगळं नाकातून आलं. चौथी, पाचवी झाली. सहावीला तिनं माझा हात धरला, तिचा हात घामानं थंडगार होता. "साकु, दोडव्वा. साकु." आपली कानडी तिच्या तोंडात कधीतरीच यायची, फार लाडात किंवा फार दुखलं की. पुरे म्हणत होती पोर. मी म्हटलं, "अर्धा नवस देवाला चालत नाही, राणी. पाचच राहिल्या." तिनं ऐकलं. ती ऐकायची ना सगळं. सातवी पुरी केली आणि खाली बसली नाही, पडली.

दवाखान्यात मी सांगितलं, घरात न्हाणीत जाताना पडली. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. डॉक्टर शेंडगे रात्रभर तिच्या नाडीवर बोट ठेवून बसले होते. नाडी इतकी सावकाश होती की मीसुद्धा मोजू शकले. संक्रांतीच्या सकाळी मी तुला ते कार्ड लिहिलं. दुपारी एक वाजायच्या सुमाराला ती गेली. तुला कार्ड पोचायच्या आधी तार पोचली, हे मला नंतर कळलं. ते कार्ड तू जपून ठेवलंयस असं कल्लप्पा म्हणाले. ठेवू नकोस. त्यात 'बोलते' एवढंच खरं होतं.

मग कल्लप्पा आणि त्यांचे भाऊ मल्लप्पा आले. व्हरांड्यात मल्लप्पांनी डॉक्टरांची कॉलर धरली. "घोड्याचं रक्त घातलंस होय रे माझ्या पुतणीच्या अंगात? मेंढरं सोडून माणसं मारायला आलास?" डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. मल्लप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, तुमी सांगा, सुई दिल्यापासनंच बिघडली न्हवं पोरगी?"

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान हलवली. हो म्हणून.

त्याच हलवलेल्या मानेवर भीमाची सुई अडली आहे.

गेल्या गुरुवारी मी एकटी दवाखान्यात गेले. ह्यांना सांगितलं नाही. खरं सांगायचं तर कबूल करायला गेले नव्हते. डॉक्टर म्हणतील, ती जाणारच होती, तुमच्या हातात काही नव्हतं, आणि मी ते घेऊन घरी येईन, असं मनात होतं. मला बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. दाराकडं बघत म्हणाले, "मागनं मंडळी येत्यात का?"

"कुणी नाही. मला विचारायचंय. जंतू मेला होता ना?"

"व्हय. मेला होता."

"मग मारलं कुणी तिला?"

ते चिडलेत असं मला वाटलं. मग स्टूल पुढं सरकवलं. त्यांनी सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण तेव्हापासून दुसरं काही डोक्यात नाही.

"बाई, हा जंतू घशातच बसून असतो. तो आत कुटं जातच न्हाय. तितं बसून विष सोडतो, आणि ते विष रक्तातनं अंगभर फिरतं. पेन्सिलिननं जंतू मरतो. सुटलेलं विष मरत न्हाय. त्याच्यासाठी ती घोड्याच्या रक्तातनं केलेली लस. ती विषाला धरती. पण रक्तात मोकळं फिरतंय तेवढ्यालाच. एकदा का विष पेशीच्या आत गेलं, की लसीचा हात तिथवर पोचत न्हाय. म्हणून तर आम्ही तास मोजतो. तुमी दोन दिस उशिरा आणली."

पेशी मला शाळेत होती, ईरम्मा. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती होती, विटांच्या भिंतीसारखी. मी ती सुबक काढली होती आणि बाईंनी वर्गात फिरवली होती. त्या चौकटींच्या आत कुणी राबत असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

मी विचारलं, "आत जाऊन काय करतं?"

"मालक मिलमध्ये हायत न्हवं? कुठल्या खात्यात?"

"मागावर."

"मग ऐका. हृदय रात्रंदिवस चालतं, आणि चालताना झिजतं. त्याची एकेक पेशी आतल्या आत नवं विणून ती झीज भरून काढती. हे विष पेशी फोडत न्हाय, जाळत न्हाय. आत शिरून एकच करतं, विणणं बंद पाडतं. माग जागेवर, विणकर जागेवर, सूत बी जागेवर, पण धागा पुढं सरकत न्हाय. वरनं बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. आधीचं विणलेलं असतंय तोवर त्याच्यावर भागतं. दोन-तीन आठवड्यांनी ते विरायला लागतं. आणि नेमका तवाच घसा बरा झालेला असतो. पोर हसायला लागतं. घरची म्हणत्यात, ऊठ आता."

मग त्यांनीच विचारलं, "घरी गेल्यावर बोलणं गेंगाणं झालं होतं का? पाणी नाकातनं यायचं?"

"यायचं. हत्ती झालेय म्हणायची."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "टाळूच्या नसांत तेच विष गेलं होतं. ती खूण होती. तेवढं बघून उचलून आणायची होती तिला."

आम्ही हसत होतो, ईरम्मा. तिला परत परत पाणी प्यायला लावून आम्ही हसत होतो. तुलाही मी गंमत म्हणून लिहिलं.

मी म्हटलं, "निजून राहिली असती तर वाचली असती?"

"शपथेवर सांगणार न्हाय. निजलेली बी काही जात्यात. पण निजलेल्या हृदयाला सवड मिळती. न्हाणीपर्यंत चाललेल्याला पण कधी कधी..." आणि ते थांबले. "किती चालली होती?"

तिथं मी सांगितलं. बाळीवेस, देऊळ, सात प्रदक्षिणा. त्यांचा चेहरा असा झाला की कॉलर धरली तरी जो बोलला नाही तोच हा माणूस, हे खरं वाटेना. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मग म्हणाले, "मी रात्रभर हिशेब करत होतो. लस कमी पडली का, जास्त झाली का, लवकर सोडली का. अडीच आठवडे झोपलो न्हाय, बाई."

मी पाया पडायला वाकले तर मागं सरले. "माझं ऱ्हाऊ द्या. तुमच्या मंडळींच्या अर्जावरनं चौकशी लागलीय ती चालंल. मोडनिंबला दोन लेकरं हायत न्हवं? त्यांच्या आईला हे सांगा. घोड्याच्या रक्ताची ती लस वेगळी, आणि नर्सबाई देती ती त्रिगुणी वेगळी. त्रिगुणी अंगालाच आधीपासनं शिकवून ठेवती, की विष आलं तर रक्तातच धर, पेशीपर्यंत जाऊ देऊ नको. थोरल्याला लगेच द्या, पुढचे डोस चुकवू नका. धाकटा तीन महिन्यांचा झाला की त्याला. आणि कुणाचा घसा धरला, तर हळद-चुना करत बसू नका. त्याच दिवशी आणा."

तिथून मी मठात गेले. अय्यांना विचारलं, अय्या, मी त्या दिवशी नवस फेडला नसता तर काय झालं असतं? अय्या विभूतीचे गोळे वाळत घालत होते. म्हणाले, "काय होणार? पुढल्या वर्षी फेडला असतास. देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय? तू येऊन विचारायचं होतंस."

आपलं घर मठापासून चार दारांवर आहे. मी विचारायला गेले नव्हते.

आता राहिलं ते लिहिते. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. ह्यांनाही माहीत नाही.

चंद्री सातव्या फेरीला पडली, तेव्हा मी तिला तशीच उचलून टांग्याकडे पळायला हवं होतं. देवळाबाहेरच टांगे उभे होते. मी तिला उचललं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, श्वास मानेला लागत होता. माझ्या गाठीत चार तांदूळ होते. मला वाटलं, उपाशीपोटी भोवळ आली आहे, नवस पुरा झाला की देव डोळे उघडेल. मी तिला कडेवर घेऊन उरलेल्या चार प्रदक्षिणा घातल्या. सावकाश, नीट, एकेक तांदूळ टाकत. तिचे पाय माझ्या गुडघ्यांवर आपटत होते. शेवटचा तांदूळ टाकला, नमस्कार केला, मग बाहेर आले.

किती वेळ गेला असेल मला सांगता येत नाही. मी सगळं मोजते आणि तेवढं मोजलं नाही.

हे मी तुझ्या समाधानासाठी लिहिलेलं नाही, तुझं समाधान ह्यानं मोडेल. देवानं तिला हाल न करता नेलं असं तू मानून बसली होतीस, तेही मी काढून घेतलं. पण ते तसंच ठेवलं असतं तर त्याच्या शेजारी दुसरं एक राहिलं असतं, की सुईनं मारलं. दोन्ही एकाच मुळावरचं आहे. एक उपटायला गेले आणि दुसरंही हातात आलं.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन मी मोठ्या साहेबांपुढं खरं लिहून दिलं, सहीनिशी. शेंडगे डॉक्टरांचा ह्यात काही दोष नाही. मल्लप्पांना म्हणावं, अर्ज मागं घ्या, आणि कॉलर धरायची असेल तर पत्ता बाळीवेशीतला आहे.

येडू कुंभाराला आजच निरोप दे, नातवाला सोलापूरला आणा. वाट बघू नका. डॉक्टर शेंडगे आहेत तिथं.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं मोडनिंबला येते. हे तोंडानं सांगायला मला जमणार नाही, म्हणून पत्र आधी पोचू दे, एवढ्यासाठी तीन दिवस थांबते आहे. घरात घेऊ नकोस. मी स्टँडवर बसेन. कल्लप्पांना जे करायचं ते करू देत, मी तिथून उठणार नाही. तू बाळंतीण आहेस, तू येऊ नकोस. भीमाला कुणाच्या तरी हाताशी देऊन नर्सबाईकडे पाठव, परतताना स्टँडवरून आणायला सांग. त्याच्या दंडाला सुई लागलेली मला लांबून दिसली की मी परतीच्या गाडीत बसेन. नंतर तू बोलाव किंवा बोलावू नकोस.

तो रडेल. रडू दे.

चंद्रीला जिनं उठवलं ती,
दाक्षायणी